गुळाची बल्ली

गिरडच्या पुढे जंगलाच्या कडेला आमचं गाव आहे. गाव म्हणजे एकच रस्ता, दोन्ही अंगांना मिळून पंचवीसेक घरं, शेवटी देवाचं ठाणं आणि त्याच्यापुढे सागाचं रान. या टोकाला उभं राहून बैलाला हाक मारली की त्या टोकाचा बैलही मान वर करायचा, एवढंच. बाजारातले लोक त्याला गोंडटोली म्हणत. आम्ही गोंडच आहोत, त्यामुळे त्यात काही खोटं नव्हतं, पण म्हणायची एक तऱ्हा असते. आम्ही आपसात नुसतं ‘नार’ म्हणायचो. नार म्हणजे गाव. जगात दुसरं गाव नसल्यासारखं.

घरात गोंडी, बाजारात वऱ्हाडी आणि खाकी कपडा दिसला की हिंदी, असा आमचा कारभार होता. इथे मात्र घरातलं बोलणंही मी वऱ्हाडीतच लिहितो, तुम्हाला कळावं म्हणून. शेजारच्या गावात शाळा होती. मी तिथे दुसरीपर्यंत गेलो. एक दिवस मास्तरांनी मडक्याकडे बोट दाखवून विचारलं, यात काय आहे. मी म्हणालो, येर. आमच्या बोलीत पाण्याला येर म्हणतात. मास्तर म्हणाले, पाणी म्हण. मला तो शब्द येत नव्हता असं नाही, बाजारात दहादा म्हणायचो. पण म्हण म्हटल्यावर म्हणावंसं वाटेना. मास्तर म्हणाले, म्हणत नाहीस तोवर उभा राहा. मी शाळा सुटेपर्यंत उभा राहिलो. घसा कोरडा पडला तरी राहिलो. शेवटी मास्तरांनाच घरी जायचं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी ढोरांमागे गेलो आणि ती लढाई मी जिंकली असं पुढे कितीतरी वर्षं लोकांना सांगत होतो.

अक्षरं मी नंतर एसटीच्या पाट्यांवरून पक्की केली. हे लिखाण नातीनं तपासलं आहे. तिनं जिथे जिथे माझा शब्द खोडून पुस्तकातला घातला, तिथे मी माझा परत लिहिला. ती म्हणते, “आबाजी, मास्तरचं काई चुकलं नव्हतं.” असू दे.

मला सांगायचं आहे ते गुळाच्या बल्लीचं.

होळी जळाली की दुसऱ्या दिवशी सगळा मुलूख रंग खेळतो. आमच्याकडे त्या दिवशी गूळतोड असायची. जंगलातून सागाची सरळ बल्ली आणायची, सोळा हात लांब. साल काढून गुळगुळीत करायची. तिच्या शेंड्याला लाल फडक्यात गुळाची भेली आणि नारळ बांधायचा आणि देवाच्या ठाण्यासमोर खड्डा करून ती उभी करायची. मग पुरुषांनी चढायचं आणि गूळ तोडून आणायचा. सोपं वाटतं ना. पण बल्लीला तेल लावणं हे बायकांचं काम होतं, आणि खाली निरगुडीचे ओले फोक घेऊन बायकाच उभ्या असायच्या. जो चढेल त्याला त्या झोडपायच्या. सासरा असो, दीर असो, नवरा असो, त्या दिवशी नातं नव्हतं. वर्षभर ज्या बाईचा आवाज उंबऱ्याबाहेर ऐकू आला नाही तीही त्या दिवशी फोक असा मारायची की पाठीवर वळ उठायचे. आणि गाणं म्हणायच्या, गोंडीतच. त्या गाण्याचा अर्थ असा, की ये रे माकडा, शेंड्यावर तुझी सासू बसली आहे. प्रत्येकासाठी नवीन कडवं. संध्याकाळी त्याच बाया घरी आपापल्या नवऱ्याच्या पाठीला हळद लावायच्या आणि हसायच्या.

नियम जुना होता. सूर्य गिरडच्या टेकडीमागे जायच्या आत पुरुषाच्या हातात गूळ आला, तर बल्ली पुरुषांची. ती ठाण्यासमोर वर्षभर उभी राहायची आणि पुढल्या होळीत जळायची. गूळ शेंड्यावरच राहिला, तर बल्ली बायकांची, त्यांनी तिचं काहीही करावं. पण बायका जिंकल्याचं म्हाताऱ्यांनाही नीट आठवत नव्हतं. कोणी ना कोणी चढायचंच. आणि सांगायला लाजायचं काय, सलग तीन वर्षं तो कोणी म्हणजे मीच होतो. गिरडच्या बाजारात लोक मला दाखवायचे, हाच तो गूळ तोडणारा. मीही पागोटं जरा वर करून चालायचो.

दुष्काळात आम्ही लाल ज्वारी आणि सुकडी खाल्ली, त्याच्यानंतरचं तिसरं वर्ष असेल. जंगलखात्याचा नवा नाकेदार बदलून आला. खाकी कपडे, सायकल आणि शांत आवाज. ओरडणारा माणूस परवडतो, त्याच्याशी भांडता येतं. याने आमच्या पाच-सहा जणांना नाक्यावर बसवलं, चहा दिला आणि म्हणाला, “देखो भाई, मुझे भी नौकरी करनी है. जंगल का एक भी सागवान नहीं कटेगा. न घर के लिये, न देव के लिये.” चहा पिऊन आम्ही परत आलो. त्याचा चहा प्यायल्यामुळे शिवीही देता येईना.

होळी पाच दिवसांवर आली होती. ठाण्यासमोर बैठक भरली. आमच्यात देवाचं सगळं पाहणारा असतो त्याला भुमका म्हणतात. आमचा भुमका म्हातारा झाला होता, पण गुडघ्यावर हात ठेवून बोलायला लागला की कोणी खोकत नसे. तो म्हणाला, “बल्ली नाई तं गूळतोड नाई. एक वर्ष मोडलं का मोडलंच समजा.”

माझा चुलतभाऊ म्हणाला, “वेळूची उभी करू ना, बाबा.”

“पोकळ लाकूड देवापुढं उभं करतं काय?” भुमका म्हणाला.

“मंग निंबाच्या झाडाले बांधू गूळ.”

यावर मागे बसलेल्या बाया हसल्या. एक म्हणाली, निंबावर तर बकरीही चढते. चुलतभाऊ काडीनं माती उकरायला लागला. बाकीच्यांनीही माना खाली घातल्या. बरोबरच्या माणसांची तोंडं अशी पडलेली मला पाहवत नाहीत. मी उठलो आणि म्हणालो, “बल्ली मी देतो.”

माझ्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक साग होता. बापानं राखलेला, सुतासारखा सरळ. तो तोडायची परवानगी मी तहसिलात चार खेपा घालून आणली होती. नाकेदारानेच येऊन बुंध्यावर हातोड्याचा ठसा मारला होता. कागदावर लिहिलं होतं, घराच्या आड्याकरिता. आडं म्हणजे छपराचं मधलं लाकूड, ज्यावर दोन्हीकडचे फाटे टेकतात आणि मग कवेलू, म्हणजे कौलं, बसतात. माझ्या नव्या घराच्या चार भिंती दोन वर्षांपासून उभ्या होत्या आणि त्या लाकडाची वाट पाहत होत्या.

आणि भिंतींपेक्षा जास्त वाट पाहत होती माझी बायको. त्या भिंतींची माती तिनं डोक्यावर आणली होती. नाल्यावरून, टोपलीनं. आम्ही तेव्हा काकाच्या घराच्या ओसरीत राहत होतो, मी, ती आणि दोन लेकरं. लुगडं बदलायचं तर तिला काकूला विचारावं लागे. दोन पावसाळे तिनं त्या भिंतींवर पळसाची पानं आणि गवत टाकून त्या वाचवल्या. तिसरा पावसाळा त्या काढणार नव्हत्या, हे आंधळ्यालाही दिसत होतं. हे सगळं मला ठाऊक होतं. बैठकीत उठून उभं राहताना मात्र ध्यानात आलं नाही.

घरी गेलो तर बातमी माझ्या आधी पोचली होती. आमच्या गावात बातमीला चालावं लागत नाही. तिनं गाटो वाढला. आम्ही भाताला, जेवणालाच, गाटो म्हणतो. मी दोन घास खाल्ल्यावर ती म्हणाली, “आयकलं का, आपलं आडं तुमी देवाले देल्लं म्हनते.”

“देल्लं नाई. शब्द देल्ला.”

“मंग शब्दाचंच छप्पर टाका.”

मी खाली मान घालून खात राहिलो. तिला राग आला की ती भांडी आपटत नाही. उलट हळू ठेवते. त्या रात्री तिनं पितळी अशी ठेवली की आवाजच झाला नाही.

दोन दिवस ती बोलली नाही. गावात मात्र सारखी फिरत होती. या घरात, त्या घरात, विहिरीवर, मोहाच्या झाडाखाली. मला वाटलं, माझी गाऱ्हाणी सांगत असेल. तिसऱ्या दिवशी साग पाडला. चुलतभाऊ आणि मी कुऱ्हाड चालवत होतो आणि ती धुऱ्यावर उभी राहून पाहत होती. झाड पडल्यावर ती जवळ आली, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हातानं मोजत गेली आणि म्हणाली, “सोळा हात भरते. एक काम करजा. बल्ली उभी करा. पन सांगून ठेवतो, यंदा गूळ आमी राखू.”

“राखा ना. दरसाल राखताच.”

“दरसालचं वेगळं. यंदा साऱ्या बायांनं मले शब्द देल्ला. गूळ वर राह्यला तं बल्ली आमची, अन् आमच्या हातून ती आपल्या घरावर. खड्ड्यात जाते ते दोन हात कापून टाकू. चौदा हात पुरते आड्याले.” मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “तुमी चढजा नाई, एवढं करा.”

चुलतभाऊ कुऱ्हाडीवर टेकून ऐकत होता. तो म्हणाला, “वयनी, हा नाई चढला तं आमी काय बांगड्या भरल्या हाय?”

“तुमची मले चिंता नाई, भाऊजी,” ती म्हणाली. “तुमी निंबावर चढा.”

मी म्हणालो, “पाहू.”

हा शब्द मी आयुष्यात फार वापरला आहे. त्यात हो पण असतं आणि नाही पण. पण खरं सांगायचं तर मी अडकलो होतो. चढावं आणि गूळ तोडावा, तर बल्ली ठाण्यासमोर वर्षभर उभी राहणार आणि माझ्या भिंती पावसात बसणार. न चढावं, तर तीन वर्षांचा गूळ तोडणारा बायकोच्या धाकानं खाली बसला, हे गिरडच्या बाजारापर्यंत जाणार. दोन्हीपैकी कोणतं मोठं, असं आज कोणी विचारलं तर मी घर म्हणेन. तेव्हा माझं वय तीसही नव्हतं.

धुळवडीचा दिवस उजाडला. बल्लीला बायकांनी आदल्या दिवसापासूनच कोणाला हात लावू दिला नव्हता. दरवर्षी नुसतं जवसाचं तेल लावत. यंदा बायकोनं जवस रात्रभर पाण्यात भिजत घातला होता. भिजलेल्या जवसाला शेंबडासारखा बुळबुळीत चीक सुटतो. आधी तेल, त्यावर तो चीक, आणि पुन्हा तेल. बल्ली उभी केली तेव्हा ती उन्हात अशी चमकत होती की कावळासुद्धा बसायला धजला नाही. भुमक्यानं पूजा केली, टिमकी वाजली, ढोलकीवाल्यानं हात सैल केला.

नाकेदारही सायकल घेऊन आला होता. बुंध्यावरचा आपला ठसा त्यानं वाकून पाहिला. मला म्हणाला, “ये तो घर की लकडी थी ना?”

“घरचंच हाय साहेब,” मी म्हणालो. “थोडं फिरून जाऊन राह्यलं.”

तो हसला आणि निंबाखाली खाटेवर बसला.

दुपारपासून एकेक जण चढायला लागला. चढला म्हणायचं आणि घसरला म्हणायचं, दोन्हीत फारसं अंतर नव्हतं. एक जण कमरेला घोंगडं गुंडाळून आला, पाठ वाचावी म्हणून. बायांनी घोंगडंच ओढून घेतलं. दुसऱ्यानं हाताला राख लावली. राख, तेल आणि चीक मिळून त्याचा रंग असा झाला की त्याच्या लेकरानं त्याला ओळखलं नाही, ते रडत आईकडे पळालं. चुलतभाऊ मात्र जोरात होता. त्यानं बल्लीला मिठी मारली, दात आवळले आणि चार-पाच हात वर गेला. तिथे त्याला बायांनी फोकांनी गाठलं. माझी बायको पुढे होती. गाण्यात तिनं त्याच्यासाठी कडवं केलं होतं, की वेळू पोकळ, वेळू पोकळ, आणि चढणाराही पोकळ. सगळं गाव हसलं. तोही हसला, आणि हसताना मिठी सुटते. तो सरळ खाली येऊन बसला, बायांच्या मध्ये, आणि तिथून रांगत बाहेर पडला.

मी ठाण्याच्या ओट्यावर बसलो होतो. सूर्य खाली उतरायला लागला तसा बायांच्या गाण्याला जोर चढला. पुरुष थकले होते. दोघातिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पागोटं सोडून पुन्हा बांधलं. बायकोनंही एकदा पाहिलं. तिनं पदर खोचला होता, कपाळाचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलं होतं, आणि चेहरा इतका खुश होता की लग्नातही मी तिला तशी पाहिली नव्हती. तिला वाटत होतं, जमलं.

मी खरंच बसून राहणार होतो. पण चुलतभाऊ पाठ चोळत जवळ आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “काऊन गा, आज बसूनच राह्यला? कवेलू मोजून राह्यला काय मनात?”

लोक हसले. मी उठलो. धोतर खोचलं, हाताला माती लावली. बायको म्हणाली, “बरं.” एवढंच. आणि फोक उचलला.

तिच्या हातचा फोक मी न पाहता ओळखतो. बाकीच्या बाया मारत होत्या, ती हिशेब करत होती. जिथे आधीचा वळ तिथेच दुसरा. मी गुडघे आवळून, टाचा घट्ट लावून वर सरकत राहिलो. मला त्या बल्लीची एक गोष्ट माहीत होती जी इतरांना माहीत नव्हती. झाड माझ्या धुऱ्यावरचं होतं. सहा हातांवर त्याला एका अंगाला जुनी गाठ होती, साल काढूनही बोटाला लागेल एवढी. तिथे मी पायाचा अंगठा टेकवला, दम घेतला आणि फोकांच्या वर निघून गेलो. खालून पुरुषांचा आवाज उठला. त्यांना वाटलं, झालं.

वर चीक कमी होता. बायांचे हात तिथपर्यंत उभ्या बल्लीला पोचले नव्हते आणि आडवी असताना लावलेला खाली ओघळला होता. मी शेंड्याशी पोचलो. लाल फडकं माझ्या डोळ्यांसमोर होतं. गुळाचा वास येत होता. मी उजवा हात त्या गाठोड्यावर ठेवला.

तिथून गिरडची टेकडी दिसत होती आणि टेकडीवरचा दर्गा. सूर्य त्याच्या बाजूला, हातभर वर. मी पूर्वी तीनदा त्या उंचीवर आलो होतो, पण दरवेळी टेकडीकडेच पाहायचो. या वेळी मान खाली वळली. आमच्या गावातलं एकेक घर दिसलं. काळी कवेलू, लाल कवेलू, गवताची छपरं, सगळ्यांवर काहीतरी होतं. आणि नाल्याच्या बाजूला माझ्या चार भिंती. मी त्या रोज पाहत होतो, पण समोरून. वरून कधी पाहिल्या नव्हत्या. मधल्या जमिनीवर येरंडी उगवली होती, चांगली पुरुषभर. झाकण हरवलेल्या डब्यासारखं ते घर दिसत होतं. आमच्या बोलीत घराला रोन म्हणतात. त्याला रोन म्हणावं असं त्यात काही नव्हतं.

मी पायाखाली पाहिलं. बायको फोक टाकून बल्लीच्या बुडाशी बसली होती. बाकीच्या बाया ओरडत होत्या, बल्ली हलवत होत्या. ती नुसती बसली होती, पाठ माझ्याकडे. तिनं वर पाहिलं असतं, माझ्या नावानं बोटं मोडली असती, तर मी गूळ तोडला असता. माझा स्वभावच तसा. कोणी कर म्हटलं की मी करत नाही आणि करू नको म्हटलं की करतो. पण ती काहीच म्हणाली नाही.

गाठोड्यावर मुंग्या होत्या. हे मी खोटं सांगत नाही. गूळ म्हटल्यावर मुंग्या असणारच. लाल होत्या. दोन-तीन.

मी हात काढला आणि सरसर खाली आलो. इतक्या जोरात, की मांड्या भाजल्या. खाली टेकलो तर सगळं गाव माझ्या रिकाम्या हातांकडे पाहत होतं. चुलतभाऊ म्हणाला, “काय झालं गा?”

“मुंग्या,” मी म्हणालो. “मुंग्या चावल्या.”

एक क्षण कोणाला कळेना. मग निंबाखालचा नाकेदार हसला, आणि मग सगळेच. पुरुष हसले, पोरं हसली, टिमकीवाला टिमकी ठेवून हसला. तीन वर्षांचा गूळ तोडणारा मुंग्यांना भ्यायला. कोणीतरी म्हणालं, वाघ असता तर चढला असता. मी पागोटं शोधत होतो. ते कोणाच्या तरी पायाखाली गेलं होतं. आणि त्या हसण्यातच सूर्य टेकडीमागे गेला. भुमक्यानं हात वर केला. “गूळ बायाइचा,” तो म्हणाला.

बायांनी जो आवाज केला तो अजून माझ्या कानात आहे. बल्ली आडवी झाली, गाठोडं सुटलं. भुमक्यानं विचारलं, “बाईहो, बल्लीचं काय करता?”

बायकोनं सांगितलं. भुमका जरा विचारात पडला. देवापुढे उभं राहिलेलं लाकूड माणसांच्या डोक्यावर कसं घ्यावं, असं काहीतरी तो पुटपुटला. एक म्हातारी म्हणाली, “घरावर बसला तं देवाले सावलीच होईन ना, बाबा. अथी उन्हात वर्षभर उभा करता त्याले.” भुमक्याला हे पटलं. तो म्हणाला, छपराखाली पहिला दिवा देवाचा लावा, मग चूल पेटवा. तसं ठरलं.

बायको गूळ फोडून वाटत होती. नाकेदाराला दिला, भुमक्याला दिला, चुलतभावाला निंबाच्या पानावर ठेवून दिला. माझ्यापर्यंत आली तेव्हा तिच्या हातात सगळ्यांत मोठा खडा होता. तिनं तो माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, “मुंग्या पाहून खाजा.”

तिच्या तोंडावर हसू नव्हतं. डोळ्यांत होतं.

आठ दिवसांनी आडं चढवलं. बायांनी फर्मावल्याप्रमाणे हरलेल्या पुरुषांनी ते खांद्यावर आणायचं होतं. चुलतभाऊ लाकडाच्या प्रत्येक टोकाला वाकून पाहायचा आणि म्हणायचा, “मुंग्या हाय का पाह्य गा पहिले, मंगच खांदा देतो.” येरंडी उपटली. बाया लिपायला आल्या, बोलावल्याशिवाय. भिंती सारवताना पुन्हा तेच गाणं म्हणत होत्या, फक्त आता कडवं माझ्यावर होतं आणि मुंग्यांवर. कवेलू चढवताना पोरांची रांग लागली, हातातून हातात. संध्याकाळी घरात पहिला दिवा लागला. नाकेदारानं सायकल थांबवून वर पाहिलं आणि म्हणाला, “अब कागज सच्चा हो गया.”

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. आम्ही आतून ऐकला.

आणि गूळतोड मोडली नाही. पुढल्या वर्षी ज्याला घर बांधायचं होतं त्यानं आपलं परवानगीचं लाकूड आणलं. गूळ तुटो न तुटो, बल्ली घरावर जाईल, असा नवा नियम बायांनी केला आणि भुमक्यानं मान हलवली. त्यानंतरची कितीतरी वर्षं, वीज येऊन रस्त्यावर दिवा लागला तरी, आमच्या गावात ज्याच्या घरावर नवं आडं चढलं ते आधी गुळाला उभं राहिलेलं होतं. मीही पुढे दोनदा गूळ तोडला, लोकांच्या लाकडावर. पण त्याचं कोणाला काही वाटलं नाही. बाजारात मला दाखवताना आता लोक म्हणायचे, हाच तो मुंग्यांना भ्यालेला. चुलतभावाच्या मुलाच्या लग्नात तर व्याह्याशी माझी ओळख तशीच करून दिली. मी ऐकून घेतलं. माझ्यासारख्या माणसानं ऐकून घेतलं, हे लिहून ठेवतो.

बायकोनं मला त्या दिवसाबद्दल कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पण त्या लाकडात गूळ कुठेतरी मुरला असावा, शेंड्याकडच्या टोकाला, जिथे गाठोडं बांधलं होतं. दर फागुनात त्या टोकाला लाल मुंग्यांची ओळ लागते. भिंतीवरून चढते, आड्याला जाते, फिरते आणि परत येते. यंदाही लागली. मी खाटेवर पडून पाहत होतो. ती चुलीपाशी होती. मान न वळवता तिनं विचारलं, “चावत तं नाई ना जी?”

मी म्हणालो, “चावतात.”